घरी बनवलेल्या सुरीची धार टिकत नाही? पुन्हा भट्टीत घालण्याआधी हे तपासा

सुरी दिसायला छान झाली, मूठ घट्ट बसली, पहिल्या दिवशी वर्तमानपत्राचा कागद सरसर कापला गेला. मग दोन दिवसांची भाजी चिरून झाली आणि टोमॅटोची साल कापण्याऐवजी दबायला लागली. कमी खर्चात घरच्या घरी सुऱ्या बनवायला लागलेल्या मंडळींची पहिली-दुसरी पाती हीच तक्रार घेऊन माझ्याकडे येतात. बहुतेकांनी तोवर ते पातं आणखी एकदा लाल करून तेलात बुडवलेलं असतं, आणि मूळ दोष राहतो बाजूला, नवा दोष वर चढलेला असतो.

प्रत्येक वेळी पातं लाल केलं की वरच्या थरातला थोडा कार्बन जळतो, पोलादाचा आतला कण मोठा होत जातो, आणि पातं वाकण्याची किंवा तडकण्याची शक्यता वाढते. म्हणून भट्टी सगळ्यात शेवटी. आधी फुकटातल्या तपासण्या, मग शंभर-दोनशे रुपयांच्या, मग बाकीच्या.

लक्षणं नीट बघा

‘धार टिकत नाही’ या एका तक्रारीत किमान चार वेगळे दोष असतात. पातं उजेडाखाली, धार डोळ्यांकडे करून धरा आणि शक्य असल्यास भिंगातून बघा.

धार एका बाजूला दुमडलेली दिसते, नखाला एकाच बाजूने अडकते: पातं मऊ आहे, किंवा धार लावताना आलेली बर, म्हणजे कडेला उभी राहणारी धातूची पातळ कोर, निघालेली नाही.

धारेत बारीक खाचा पडल्या आहेत, करवतीसारखे तुकडे उडालेत: पातं फार कडक राहिलंय, किंवा कण मोठा झालाय.

बाकी पातं चांगलं, फक्त टोकाकडे किंवा एकाच इंचभर जागी धार जाते: तेवढाच भाग ग्राइंडरवर जळाला, किंवा भट्टीत तेवढाच कमी तापला.

तेलात बुडवताना ‘टिंग’ असा आवाज आला होता, किंवा धारेपासून वर जाणारी केसासारखी रेघ दिसते: ती चीर आहे. पुढचं काहीही करू नका. चीर गेलेलं पातं दुरुस्त होत नाही, ते वापरताना तुटून हातात घुसू शकतं. ते भंगारात टाका.

पहिली तपासणी: धारच नीट लागली आहे का?

माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच ‘मऊ’ पात्यांचं पोलाद उत्तम असतं. दगडावर एक बाजू घासली की पलीकडे धातूची अगदी पातळ कोर उभी राहते. कारखान्यातली माणसं तिला बर म्हणतात. ही बर कागद झकास कापते, त्यामुळे आपल्याला वाटतं धार लागली. दहा मिनिटं पाटावर चिरलं की ती दुमडते आणि खाली राहते बोथट कड.

हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा एक बाजू खरखरीत, एक बाजू बारीक असा साधा दगड पुरेसा आहे. बारीक बाजूवर, प्रत्येक बाजूला १५ ते २० अंशांचा कोन ठेवून, दाब कमी कमी करत, शेवटी एकदा इकडे एकदा तिकडे असं घासा. मग जुन्या चामडी पट्ट्यावर, धार मागे ओढत, आठ-दहा वेळा फिरवा. आता पुन्हा आठवडाभर वापरून बघा. टिकली तर विषय संपला.

दुसरी: पितळी सळईची चाचणी

पाच-सहा मिलिमीटर जाडीची पितळी सळई घ्या, वीतभर पुरते. ती पाटावर आडवी ठेवून तिच्यावर पात्याची धार, साधारण धार लावतो त्याच कोनात, टेकवा आणि हलका दाब द्या. उजेडात बघितलं तर सळईच्या जागी धार किंचित फुगलेली दिसेल. दाब काढल्यावर ती परत सरळ झाली तर पोलाद बरोबर आहे. वाकलेली तशीच राहिली तर मऊ. कपचा उडाला तर कडक.

ही चाचणी मला सगळ्यांत आवडते, कारण ती थेट धारेबद्दल सांगते. वरचा पाठीचा भाग किती कडक आहे याच्याशी कांद्याला काही देणंघेणं नसतं.

कपचे उडत असतील तर पुढच्या मऊपणाच्या तपासण्यांत वेळ घालवू नका. पातं पुसून, ओटीजीमध्ये (घरगुती ओव्हनमध्ये, ज्यात बुडवून कडक केलेल्या पात्याचा ठिसूळपणा कमी करतात, म्हणजे टेम्परिंग करतात) आधीच्या टेम्परिंगच्या तापमानापेक्षा १५ अंश वर, दोन तास ठेवा आणि पुन्हा सळईवर तपासा. भट्टी न पेटवता होणारी ही दुरुस्ती आहे. ओटीजीचं बटण २०० दाखवत असलं तरी आत प्रत्यक्षात १७५ किंवा २३० असू शकतं, म्हणून आत ठेवायचा वेगळा तापमापक घ्याच. ट्रेमध्ये कोरडी वाळू भरून पातं तिच्यात ठेवलं की कॉइल चालू-बंद होतानाचे झटके पात्याला बसत नाहीत. वाढवूनही कपचे उडतच असतील तर कण मोठा झाला आहे. त्याबद्दल खाली लिहिलंय.

तिसरी: कानस, पण योग्य वेळी आणि योग्य थरावर

पाणी दिल्यावर (लाल पातं तेलात किंवा पाण्यात बुडवून कडक केल्यावर) लगेच, म्हणजे ओटीजीत घालण्याआधी, कानस लावून बघायची असते. नीट कडक झालेल्या पात्यावर कानस काचेवरून घसरावी तशी घसरते. ओटीजीतून काढल्यावर हीच चाचणी केली तर कानस थोडी धरते, आणि ते बरोबरच असतं. पाती आता ५८ ते ६० रॉकवेलच्या (कडकपणा मोजायच्या मापाच्या) आसपास उतरलेली असतात आणि कानस त्याहून कडक असते. एवढ्यावरून पातं मऊ ठरवून लोक ते पुन्हा भट्टीत घालतात. कानसही जरा नवी हवी. झिजलेली कानस सगळ्यावरच घसरते.

दुसरी फसगत वरच्या थराची. भट्टीत हवेशी संबंध आल्यामुळे पृष्ठभागातला कार्बन निघून जातो आणि एक पातळ मऊ कातडी तयार होते. कानस ती कातडी खाते. त्याच जागी पाण्यात बुडवत बुडवत, हाताने, एक-दोन दशांश मिलिमीटर घासून काढा आणि पुन्हा कानस लावा. खाली कडक पोलाद लागलं तर पातं चांगलं आहे, फक्त धारेवरची कातडी उतरवायची राहिली. याचसाठी पाणी देण्याआधी धारेची जाडी मिलिमीटरभर तरी ठेवावी. आधीच पातळ केलेली धार वाकते, तडकते, आणि तिच्यात उरतं ते नुसतं कातडंच.

चौथी: ग्राइंडरने जाळलंय का?

पाणी देऊन, ओटीजीतून काढून, सगळं छान झाल्यावर शेवटची धार अँगल ग्राइंडरवर काढणं ही फार मोठी गडबड. कडेचा पातळ भाग क्षणात तापतो. पोलादावर फिकट पिवळा रंग आला म्हणजे ते २०५ अंशांच्या आसपास गेलं, जांभळा म्हणजे २८० च्या, निळा म्हणजे ३०० च्या. जिथे निळं दिसलं तिथली कडकपणाची कमाई गेली. निळा डाग पॉलिश करून घालवला तरी मऊपणा जात नाही.

डाग एक-दोन मिलिमीटरचा असेल तर हाताने, ओल्या दगडावर, तेवढा भाग मागे घ्या. मोठा असेल तर पुन्हा पाणी देण्याला पर्याय नाही. पुढच्या वेळी हातमोजा न घालता पातं धरा आणि दर फेरीनंतर पाण्याच्या बादलीत बुडवा. बोटाला सोसवत नाही तिथे थांबायचं.

पाचवी: हे पोलाद कडक होणारं आहे का?

इथे थोडं थांबतो, कारण कमी बजेटमध्ये खरा घोळ इथेच होतो. माल भंगारातून येतो. पुण्यात रविवारी-बुधवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात किंवा कुठल्याही भंगारवाल्याकडे पट्टी मिळते, पण ती कशाची आहे हे तिच्यावर लिहिलेलं नसतं.

बांधकामाची टीएमटी सळई घेऊन सुरुवात करणारे खूप आहेत. फे ५०० दर्जाच्या सळईत कार्बनची कमाल मर्यादाच ०.३० टक्के आहे. सुरीला साधारण ०.६ टक्क्यांच्या वर हवा. त्या सळईला कितीही वेळा पाणी दिलं तरी सुरीची धार येणार नाही. ग्रिलवाल्याकडची साधी पट्टीही तशीच.

ट्रक-टेम्पोच्या कमानीचे पाटे चांगले. बऱ्याच पाट्यांत ईएन-४५ किंवा त्याच्या जवळचं पोलाद असतं, कार्बन ०.५ ते ०.६५ च्या आसपास. कोयत्याला उत्तम, सुरीला चालतं, पण स्वयंपाकघरातल्या पातळ सुरीत ते महागड्या सुरीइतका वेळ धार धरणार नाही, आणि तो तुमचा दोष नाही. जुना, गंजलेला, रस्त्यावर हजारो वेळा वाकलेला पाटा असेल तर त्यात आधीपासूनच बारीक चिरा असू शकतात. बेअरिंगच्या कड्यांत बहुधा ईएन-३१ असतं, कार्बन एक टक्क्याच्या आसपास, धार अप्रतिम. पण त्यातला क्रोमियमयुक्त कार्बाइड (कार्बन आणि धातूचे कडक कण) विरघळायला ८३० अंशांच्या आसपास काही मिनिटं स्थिर ठेवावं लागतं, आणि कोळशाच्या भट्टीत स्थिर असं काही नसतं. रुळांच्या क्लिपा आणि खिळे कुणी स्वस्तात देऊ केले तरी घेऊ नका. रेल्वेचा माल बेकायदा बाळगण्यावर १९६६ पासून स्वतंत्र कायदाच आहे.

नव्याने सुरुवात करत असाल तर माझं स्पष्ट मत: पहिल्या पात्यासाठी भंगार टाळा. औजारांचं पोलाद विकणाऱ्या दुकानातून ओएचएनएसची तीन मिलिमीटरची पट्टी फूटभर घ्या. कार्बन ०.९ टक्क्यांच्या आसपास, तेलात कडक होते, आणि पोलाद कोणतं हा प्रश्नच मिटतो. वाया गेलेल्या चार भंगारपट्ट्यांवरच्या मेहनतीपेक्षा ती स्वस्त पडते. पातं चार-पाच इंचांचंच ठेवा. लहान भट्टीत तेवढंच सारखं तापतं. शस्त्र नियम २०१६ मध्ये नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याच्या हत्यारांचा उल्लेख आहे. घरगुती आणि शेतीची अवजारं त्यातून वगळलेली आहेत, पण शोभेच्या मोठ्या पात्यांच्या मागे लागणाऱ्यांनी हे आधी वाचावं.

पातं झालेलंच असेल आणि पोलादाबद्दल शंका असेल तर त्याच पट्टीचा दोन इंचांचा तुकडा कापा. चुंबकाला चिकटेनासा होईपर्यंत आणि वर थोडा उजळ लाल होईपर्यंत तापवा, कोमट तेलात बुडवा, कानस लावा. घसरली तर पोलाद ठीक. धरली तर तोच तुकडा पुन्हा तापवून पाण्यात बुडवा. पाण्यात कडक झाला पण तेलात नाही, म्हणजे पोलादात दम आहे, तुमचं तेल किंवा तुमचा हात सावकाश पडतोय. पाण्यातही मऊच राहिला, म्हणजे त्या पट्टीत पुरेसा कार्बन नाही, किंवा ते स्टेनलेससारखं वेगळंच काही आहे. ती पट्टी सोडा.

कडक झालेला तुकडा व्हाइसमध्ये धरा, वर जाड कापड गुंडाळा, गॉगल घाला आणि हातोड्याने तोडा. तुटलेल्या जागी मखमली, मंद राखाडी रंग दिसला तर कण बारीक आहे. साखरेसारखे चमकणारे दाणे दिसले तर तुम्ही फार तापवताय. ज्यांच्या पात्यांचे कपचे उडतात त्यांना उत्तर इथे मिळतं.

सहावी: तापमान

उन्हात बसून भट्टी चालवणाऱ्यांना लाल रंग कधीच बरोबर दिसत नाही. बाहेर अंगणात फिकट वाटणारा लाल सावलीत चांगला नारिंगी असतो. त्यामुळे अंगणात पातं जास्त तापवलं जातं. संध्याकाळी किंवा आडोशाला काम करा, पण बंद खोलीत कधीच नाही. कोळशाच्या विषारी वायूला वास नसतो.

चुंबक तारेला बांधून पात्याला लावून बघा. साधारण ७७० अंशांना पोलाद चुंबकाला धरत नाही. अनेक जण तिथेच थांबून तेलात बुडवतात, आणि पातं अर्धवट कडक होतं. अजून थोडं वर जायचं असतं. त्यासाठी मीठ वापरा. साधं मीठ ८०१ अंशांना वितळतं. पात्याच्या पाठीवर चिमूटभर टाका. ते वितळून पसरलं की ओएचएनएस तयार आहे. पाट्याच्या पोलादाला त्याहून एक छटा उजळ, साधारण ८५० लागतं. नंतर मीठ धुऊन काढा, नाहीतर गंज धरतो.

टोक पातळ म्हणून आधी तापतं, मुठीकडचा भाग मागे राहतो. भाता जोरात चालवून हे सुटत नाही, उलट बिघडतं. लोणारी कोळसा, मंद हवा, आणि पातं सतत पुढे-मागे. कोळशात काळा लोखंडी पाइप आडवा ठेवून त्याच्या पोकळीत पातं तापवलं तर उष्णता फार सारखी मिळते आणि कार्बनही कमी जळतो. पाइप जीआय घेऊ नका. त्यावरचं जस्त जळून निघणारा पांढरा धूर फुप्फुसात गेला की थंडी-ताप भरतो. भट्टीला फायरब्रिकच लावा. सिमेंटचे ठोकळे आणि नदीतले गोटे आतल्या ओलाव्यामुळे फुटून उडतात.

कण मोठा झालेला असेल तर पाणी देण्याआधी पातं चुंबक सुटेपर्यंत तापवून हवेत काळं पडेपर्यंत निवू द्यायचं, असं तीनदा, दर वेळी जरा कमी तापवत. कण पुन्हा बारीक होतो आणि वाकण्याचं प्रमाणही घटतं.

सातवी: तेल

गार तेल घट्ट असतं आणि पात्याभोवती वाफेचा थर टिकवून ठेवतं. ५० ते ६० अंशांना गरम केलेलं शेंगदाणा किंवा सोयाबीन तेल पातळ होऊन उष्णता लवकर ओढतं. एका लहान सुरीला किमान चार लिटर, उभ्या लोखंडी डब्यात. अर्ध्या लिटरच्या भांड्यात पातं बुडवलं की तेलच तापतं आणि पातं मऊ राहतं. गाडीचं काढलेलं ऑइल वापरू नका, त्याचा धूर घातक आहे.

डबा भट्टीपासून हाताच्या अंतरावर ठेवा. पातळ पातं हवेत झपाट्याने गार होतं. दोन पावलं चालण्यातही तापमान पडतं. बुडवल्यावर पातं धारेच्या दिशेने पुढे-मागे हलवा, आडवं नाही, नाहीतर वाकतं. तेल पेटलं तर झाकण घाला, वर वाळू टाका. पाणी कधीच नाही. झाकण आणि वाळूची बादली आधीपासून शेजारी असल्याशिवाय भट्टी पेटवू नका.

गावाकडचे लोहार कोयत्याची फक्त धार तापवून पाण्यात बुडवतात आणि ते काम सुंदर टिकतं, म्हणून काही जण सुरीही पाण्यात बुडवतात. कोयत्याची पाठ जाड असते, पोलाद कमी कार्बनचं असतं आणि लोहाराचा हात वर्षानुवर्षं बसलेला असतो. तीन मिलिमीटरची ओएचएनएस पाण्यात बुडवली तर ती बहुधा तडकेल.

थांबायचं कधी

चीर दिसली की थांबा, हे वर सांगितलं. स्टेनलेस असेल तर सुरुवातच करू नका. सुऱ्यांच्या स्टेनलेसला हजार अंशांच्या वर, नेमक्या वेळेसाठी तापवावं लागतं आणि ते कोळशावर जमत नाही. पॉवर हॅक्सॉचं, म्हणजे धातू कापायच्या यंत्र-करवतीचं, अखंड एचएसएस (हाय स्पीड स्टील) ब्लेड असेल तर ते आधीच कडक आहे. तापवू नका, पाण्यात बुडवत नुसतं घासून आकार द्या. त्याला नव्याने पाणी द्यायचं तर बाराशे अंशांच्या आसपास जावं लागतं.

आणि एकच पातं दुसऱ्यांदा पाणी देऊनही मऊ राहिलं, तर तिसरा प्रयत्न घरी करू नका. भोसरी, चाकण, कोल्हापूरजवळचं शिरोली, नाशिकचं सातपूर-अंबड अशा औद्योगिक वसाहतींत हीट ट्रीटमेंट करणारे कारखाने आहेत. ते किलोवर दर लावतात आणि किमान रक्कम घेतात, म्हणून दोन-चार मित्रांची एकाच पोलादाची पाती एकत्र न्या. पोलादाचं नाव माहीत असल्याशिवाय जाऊ नका. ‘भंगारातली पट्टी आहे’ म्हटलं तर ते घेणार नाहीत, आणि तेच योग्य आहे. सांगायचं एवढंच: पोलाद अमुक, जाडी अमुक, टेम्परिंगसकट ५८ ते ६० एचआरसी (वर सांगितलेलं रॉकवेलचंच माप) हवं. मूठ काढून टाका, पातं लटकवायला मुठीच्या भागात भोक असू द्या, धार मिलिमीटरभर जाड ठेवा. परत देताना कडकपणा मोजून आकडा लिहून मागा. घरी आणल्यावर उरलेली घासणी ओल्या दगडावर किंवा पाण्यात बुडवत करा, आणि मूठ चिकटवण्याआधी पितळी सळईवर धार एकदा तपासा.